जाताना टप बंद

त्या उन्हाळ्यात इनायत मास्तरांना सगळ्यात जास्त कंटाळा कशाचा आला असेल, तर तो पितळी लोट्याचा. नवा पोरगा विमान शिकायला आला, की मास्तर लोट्यात पाणी भरत, गळ्याला दोरी बांधत आणि तो डोक्यावरून गरागरा फिरवत. मग विचारत, "पाणी सांडलं का?"

"नाही."

"आता लोट्यातल्या पाण्याला विचार. ते म्हणेल, मी सरळ उभा आहे, जमीन माझ्या पायाखाली आहे. लोटा उलटा झाला, आडवा झाला, त्याला पत्ताच नाही. ढगात शिरलेला पायलट म्हणजे हे पाणी, बेटा. विमान वळत असतं, झुकत असतं, आणि अंग सांगत असतं की सगळं ठीक चाललंय."

पोरं हसत. मास्तर हसत नसत. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं, की सांगताना मन दुसरीकडेच असे. खांदा मात्र तिथेच असे आणि दुखे.

नाशिक शहर मागे टाकून गंगापूर रस्त्याने निघालं, की डाव्या हाताला एक मोकळा माळ लागे. तिथे पत्र्याची एक शेड, वारा दाखवणारी कापडी पिशवी, आणि दोन माणसांचं एक उघडं विमान. देवळालीच्या सेठनासाहेबांनी हौसेनं काढलेला हा वर्ग. इनायत मास्तर तिथले एकुलते शिक्षक. मूळचे मालेगावच्या विणकरांच्या घरातले. मोठ्या लढाईत बसऱ्याला गेले ते विमानांची इंजिनं पुसायला, आणि परत आले ते विमान चालवायला शिकून. आता पन्नाशी उलटली होती. डाव्या कानात सतत रातकिडा बोले. जोगवाड्यातल्या घरून सायकल मारत माळावर पोचेपर्यंतच अर्धा दिवस संपल्यासारखं वाटे.

त्यांनी बायकोला, सकीनाला, सांगून टाकलं होतं, "गोरक्ष पास झाला की बस. भावाकडे मालेगावला जाऊ. तिथे मागाचा आवाज ऐकत पडून राहीन." सकीनानं लगेच भांडी बांधायला घेतली होती.

गोरक्ष बोरस्ते हा त्या वेळचा त्यांचा सगळ्यात पुढे गेलेला विद्यार्थी. पिंपळगावचा, शेतकऱ्याच्या घरातला, अंगानं दणकट आणि बोलण्यात कमी. विमान साधं चालवायला तो केव्हाच शिकला होता. आता राहिलं होतं ते न बघता चालवणं. टपाल नेणाऱ्या एका कंपनीला असा पायलट हवा होता, जो पावसाळ्यातही ढगातून समोरच्या घड्याळांवर विसंबून विमान नेईल. सेठनासाहेबांनी शब्द टाकला होता. कंपनीनं एवढंच कळवलं होतं, की तुमच्या मास्तरांनी महिनाअखेर सही करून द्यावी, जागा त्याची. पिंपळगावात गोरक्षच्या आईनं, लंकाबाईनं, अर्ध्या गावाला सांगूनही टाकलं होतं.

शिकवणं सुरू होई ते जमिनीवर, स्टुलापाशी. सेठनासाहेबांच्या बंगल्यातला पियानो विकला गेला, तेव्हा त्याचं गोल फिरणारं स्टूल मागे राहिलं होतं. ते मास्तरांनी मागून आणलं. पोराला त्यावर बसवायचं, डोळे बांधायचे, हळूहळू फिरवायचं आणि विचारायचं, कुठे फिरतोयस? पहिल्या दिवशी गोरक्ष म्हणाला, "उजवीकडं." बरोबर होतं. मास्तर त्याच वेगानं फिरवत राहिले. थोड्या वेळानं तो म्हणाला, "आता थांबलं." स्टूल थांबलेलं नव्हतं. मग मास्तरांनी ते खरोखर थांबवलं, तर गोरक्षनं दोन्ही हातांनी कड घट्ट धरली आणि म्हणाला, "डावीकडं कामून फिरवताय मास्तर? हळू."

"कुणी हात लावलेला नाही," मास्तर म्हणाले. "पट्टी काढ."

त्याच्याबरोबर शिकणारा निसार, भद्रकालीतल्या अत्तरवाल्याचा मुलगा, हसून लोटपोट झाला. "बोरस्ते, कांद्याची गोणी बरी रे तुझ्यापेक्षा. ती निदान बोलत तरी नाही."

मग मास्तरांनी विमानातली घड्याळं एकेक करून समजावली. एक वेग सांगतं, एक उंची. होकायंत्र तोंड कुठे आहे ते सांगतं. आणि मधोमध जे सगळ्यात महत्त्वाचं, त्यात दोन काटे. खालचा सांगतो, विमान वळतंय का. वरचा सांगतो, ते बाजूला घसरतंय का. "पंख तिरपे झाले की हवेची उचलही तिरपी होते," मास्तर हाताचा पंजा तिरपा करून दाखवत. "मग वजन पेलायला ती पुरत नाही. नाक खाली जातं, वेग वाढतो. पोरगा घाबरतो आणि चालवायचा दांडा पोटाशी ओढतो. पंख तिरपेच असतील तर त्यानं वर जात नाही, फिरकी आणखी आवळते. म्हणून आधी पंख सरळ, मग नाक. काय?"

"आधी पंख, मग नाक," पोरं म्हणत.

"आणि एकाच काट्याकडे टक लावून बसायचं नाही. माझे वालिद म्हणायचे, एका दोऱ्याकडे बघत बसला तो विणकर कापड बिघडवतो. नजर फिरती पाहिजे."

यानंतर आकाशातला धडा. विमानात पुढच्या खळग्यात मास्तर बसत, मागच्या खळग्यात शिकणारा. मागच्या खळग्यावर टांग्यासारखा खाकी कापडाचा टप होता. तो ओढून बंद केला, की आत बसलेल्याला बाहेरचं काहीच दिसत नसे, फक्त समोरची घड्याळं. बोलणं चाले ते रबरी नळीतून.

मास्तरांची एक रीत ठरून गेली होती. उडायचं ते सकाळी, कारण दुपारी माळ तापला की हवा गचके देई आणि मास्तरांचा कान ठणके. जायचं ते उत्तरेला, रामशेजच्या किल्ल्यावरून दिंडोरीकडे, कारण दक्षिणेला देवळालीच्या तोफांचा सराव चाले. जाताना टप बंद, येताना उघडा. परतीला पोरानं बघून विमान आणायचं आणि मास्तरांनी मान मागे टाकून डोळे मिटायचे. रीत सोयीची होती आणि तीत कुणाला काही खोट दिसली नव्हती.

सुरुवातीला गोरक्ष टपाखाली भरकटे. मग एकाएकी त्याला जमायला लागलं. उत्तर धर म्हटलं की तो अशी धरे, की जणू कुणी दोरी ताणून बांधली आहे. विमान जरा उजवीकडे सरकलं की लगेच परत आणी. कधीकधी तर होकायंत्र हलायच्या आधी.

"मास्तर, हा टपाला भोक पाडून बघतो," निसार म्हणाला. "माझी शंका आहे."

"तूच बघ जाऊन," गोरक्ष म्हणाला. "भोक सापडलं तं तुह्या डोक्यातलं असंल."

वाळू मिस्त्रीनं टप उलटा करून खरोखर तपासला. एक टाकाही उसवलेला नव्हता. मास्तरांना समाधान वाटलं, आणि समाधानापेक्षाही सुटका वाटली. फार बिनचूक उतरलेलं कापड वालिद दोनदा उजेडात धरून बघायचे, हे त्यांना एकदा आठवलं. पण दमलेला माणूस आठवण आली तरी उठत नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी इंजिन सुरूच होईना. वाळूनं पंखा फिरवून फिरवून हात सुजवून घेतले. मग त्यानं एक भाग काढून चटईवर मांडला आणि म्हणाला, "दुपार व्हईल मास्तर. आन् लई डोक्यावर उभं राहू नका, त्यानं आनखी उशीर व्हतो."

सेठनासाहेबांना दुसऱ्या दिवशी मुंबईला जायचं होतं, कंपनीच्या माणसांना भेटायला. ते सही घेऊनच जाणार होते. ते मोटारीतून उतरले, शेडच्या सावलीत खुर्ची टाकून बसले आणि टोपीनं वारा घेत म्हणाले, "संध्याकाळी उडा नी, मास्तर. तुमचा पोरगा तर डोळे मिटून चालवते. एक चक्कर मारायची नी सही करायची. मी बसलाय इथे."

ऊन कलल्यावर ते उडाले. हवा अजून जड होती, पण गचके थांबले होते. मास्तरांनी विमान उंच नेलं, नाक उत्तरेला केलं आणि नळीतून म्हणाले, "टप ओढ. उत्तर धर. तुझ्या ताब्यात."

"घेतलं मास्तर."

थोडा वेळ सगळं ठीक होतं. खाली गोदावरी मागे पडली, शेतांचे चौकोन सरकत गेले. रामशेजचा सपाट माथा समोर उजवीकडे दिसू लागला. मास्तरांनी मान मागे टाकली. डोळे मात्र मिटले नाहीत, परीक्षा होती म्हणून.

विमान किंचित डावीकडे वळलं. एवढं चालायचंच. हा आता सावरेल, म्हणून मास्तर थांबले. ते आणखी डावीकडे वळलं. डावा पंख हळूच खाली गेला.

"गोरक्ष, काय चाललंय?"

"थोडं उजवीकडं गेलं व्हतं मास्तर. आणतोय."

विमान डावीकडेच झुकत चाललं होतं. नाक खाली आलं, पंखांमधल्या तारांचा आवाज चढू लागला. शिकवताना हात आवरायचे, हे मास्तरांचं अर्धं आयुष्य होतं. त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"आता?"

"सरळ हे मास्तर. पण येग कामून वाढतोय?" आवाज कोरडा होता. "नाक वर घेतो."

दांडा मागे आला. फिरकी आवळली. मास्तरांचं अंग खुर्चीत दाबलं गेलं, कानातला रातकिडा शिट्टीसारखा वाजू लागला. रामशेजचा माथा समोरून सरकत गेला, पुन्हा आला, आणि या वेळी तो वरच्या बाजूला होता.

"सोड," मास्तर म्हणाले. "माझ्या ताब्यात."

त्यांनी आधी पंख सरळ केले, मग नाक. विमान थरथरत सावरलं. खाली एक गुराखी हात कपाळावर धरून वर बघत होता, त्याचा लाल पटका स्पष्ट दिसला.

"टप उघड, बेटा."

मागे टप सरकल्याचा आवाज आला. मग नळीतून गोरक्ष म्हणाला, "आपण इतकं खाली कवा आलो?"

उतरल्यावर तो पंखापाशी उभा राहिला. सेठनासाहेब खुर्चीवरून उठून आले. त्यांना फक्त विमान गेलं आणि आलं एवढंच दिसलं होतं. "झाला? चला, सही."

"नाही साहेब. आज सही होणार नाही."

"काय बोलते तुम्ही? काल परवा तर म्हणत होते, असा पोरगा पाहिला नाही."

"काल परवा म्हणत होतो," मास्तर म्हणाले. त्यांना बसावंसं वाटत होतं. "थोडा वेळ द्या मला."

वाळूनं विमान शेडसमोर लावलं होतं, योगायोगानं नाक उत्तरेलाच. मास्तर कष्टानं मागच्या खळग्यात चढले. इतकी वर्षं ते पुढेच बसत आले होते. टप त्यांनी पोरांवर ओढला होता, स्वतःवर कधी ओढून घेतला नव्हता. आता घेतला. आत तेलाचा आणि तापलेल्या कापडाचा वास होता. समोर घड्याळं. ते काट्यांकडे बघत बसले, आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की डाव्या बाजूचं कापड उजळलंय. टप बंद होता, भोक नव्हतं, पण मावळतीचं ऊन खाकीतून पिवळसर होऊन आत झिरपत होतं. डाव्या गालाला ऊब लागत होती. न बघताही दिसत होतं, की ऊन कुठल्या बाजूला आहे.

सकाळी ते उजव्या बाजूला असणार.

मास्तर टपाच्या आत तसेच बसून राहिले. सकाळी, उत्तरेला जाताना, विमान उजवीकडे वळलं तर ऊन गालावरून नाकाकडे येतं. पोरगा डावीकडे सावरतो. बरोबर सावरतो. रोज सकाळी, रोज उत्तरेला. संध्याकाळी विमान डावीकडे वळलं, तरी ऊन नाकाकडेच येतं. पोरगा सवयीनं पुन्हा डावीकडेच सावरतो. ते आणखी नाकाकडे येतं. तो आणखी डावीकडे.

ते टप उघडून खाली उतरले. "वाळू, शेपटी उचल. निसार, तूही ये. गोरक्ष, आत बस आणि टप ओढ."

"आता आनखी काय राह्यलं मास्तर?"

"बस बेटा."

वाळू आणि निसारनं शेपटी उचलली आणि मास्तरांच्या खुणेप्रमाणे विमान सावकाश फिरवलं, नाक डावीकडे जाईल असं.

"कुठे वळलं?" मास्तरांनी विचारलं.

"उजवीकडं," आतून गोरक्ष म्हणाला, जराही न थांबता.

निसारनं तोंड उघडलं. मास्तरांनी बोट ओठावर ठेवलं. पुन्हा फिरवलं, या वेळी उलट. "आता?"

"डावीकडं."

"विमान पाळण्यासारखं हलवतोय आम्ही दोघं, आणि हा झोपेत बोलतोय," निसार पुटपुटला.

शेडमध्ये एक जुनी घोंगडी पडली होती. गोरक्षची आई त्याला भेटायला आली तेव्हा गाडीत अंगावर घेऊन आली होती आणि इथेच विसरून गेली होती. मास्तरांनी ती टपावर दुहेरी पसरली, सगळीकडून खोचली. आत उजेड उरला तो फक्त घड्याळांच्या चमकत्या काट्यांचा. मग पुन्हा विमान फिरवायला लावलं.

"कुठे वळलं?"

आतून उत्तर आलं नाही.

"गोरक्ष?"

"समजंना मास्तर." आवाज घोंगडीतून दबलेला येत होता. "काहीच समजंना."

"मग काट्याकडे बघ," मास्तर म्हणाले, आणि लगेच त्यांच्या ध्यानात आलं, की जमिनीवर विमानाला हवा लागत नाही, काटा हलणारच नाही. त्यांनी घोंगडी काढली. गोरक्ष घामेजलेला बाहेर आला. मास्तरांनी त्याला सगळं समजावलं, दोनदा. तो ऐकत राहिला.

"मी तं काट्यांकडंच बघत व्हतो," शेवटी तो म्हणाला. "शपथ घेऊन सांगतो. लबाडी नाय केली."

"माहीत आहे. डोळे काट्यांकडे होते. ऐकत होतास तू गालाचं. आणि ती खोड मी लावली. सकाळीच उडायचं, उत्तरेलाच जायचं, जाताना टप बंद. माझ्या सोयीनं. तू काय करणार?"

सेठनासाहेब हे सगळं लांबून बघत होते. ते म्हणाले, "मास्तर, साधी गोष्ट हाय. टपाला काळं कापड लावा. सही आज करा. कंपनी सकाळीच उडवेल त्याला, माझी गॅरंटी."

"साहेब, ढगात ऊन नसतं. सकाळीही नसतं."

"जागा जाईल त्याची."

"जाईल," मास्तर म्हणाले.

गोरक्षनं मान वर केली. इतका वेळ तो खचल्यासारखा होता, आता त्याच्या डोळ्यांत राग आला. "मास्तर, घरी आई पेढे वाटून बसलीय. तुमी चूक केली म्हणता, आन् शिक्षा मला?"

मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला हात उचलला, गोरक्ष बाजूला झाला, आणि हात तसाच खाली आला. "उद्या दुपारी ये," ते म्हणाले. "सकाळी नाही. दुपारी."

सेठनासाहेबांची मोटार धूळ उडवत गेली. त्या दिवशी सायकलवरून घरी जाताना मास्तर चढावर उतरले आणि सायकल हातात धरून चालले. आधी सही करून दिलेली दोन पोरं त्यांना आठवली, याच टपाखाली, याच रीतीनं शिकलेली. एक कराचीकडे होता, एक मद्रासकडे. दोघांना सकाळी कार्ड टाकायचं होतं. काय लिहायचं हे सोपं होतं. लिहिताना लाज वाटणार होती, तेवढंच.

गोरक्ष येणार नाही असं निसारला वाटलं होतं. तो आला, मास्तरांशी बोलला नाही, मागच्या खळग्यात जाऊन बसला आणि घोंगडी स्वतःच डोक्यावरून ओढून घेतली. वाळूनं तिला कडेनं बंद शिवले होते. "लंकाबाईची घोंगडी उडाया लागली," तो म्हणाला. "सांगा म्हातारीला."

ते दिवस फार वाईट गेले. दुपारी हवा विमानाला चेंडूसारखी उडवे. घोंगडीखाली गोरक्षला काहीच जमेना, अगदी पहिल्या दिवसापेक्षा वाईट. तो भरकटे, घसरे, दोनदा त्याला ओकारी झाली. मास्तर कधी पूर्वेला नेत, कधी पश्चिमेला त्र्यंबकच्या बाजूला, कधी मुद्दाम गोल फिरवून मग ताबा देत. आता कशालाच रीत ठेवली नव्हती. रात्री कान असा ठणके, की सकीना गरम मिठाची पुरचुंडी धरून बसे. बांधलेली भांडी भिंतीशी तशीच होती, चहापुरतं पातेलं तेवढं तिनं सोडून घेतलं होतं.

महिनाअखेर आली आणि गेली.

मुंबईहून परत आलेले सेठनासाहेब माळावर फिरकले नाहीत. गोरक्षही बोलत नव्हता. नळीतून फक्त मास्तरांचा आवाज जाई, न चिडता, तेच ते. "काटा बघ. वरचा बघ. वेग बघ. पुन्हा काटा." कधीकधी त्यांना वाटे, आपण लोटा झालो आहोत, कुणीतरी दोरी धरून फिरवतंय.

मग एका दुपारी, आभाळ पांढुरकं आणि हवा कुंद असताना, मास्तरांनी विमान एका बाजूला झुकवून बराच वेळ गोल नेलं, हळूच सरळ केलं आणि म्हणाले, "तुझ्या ताब्यात. पूर्व धर."

विमान क्षणभर थरथरलं. डावा पंख जरासा उचलला गेला, पुन्हा खाली आला.

"मास्तर," नळीतून आवाज आला. किती दिवसांनी तो आपणहून बोलत होता.

"बोल."

"अंग म्हणतंय, आपण उजवीकडं पडतोय. लय जोरात पडतोय."

"काटा काय म्हणतो?"

"काटा मधी हे. वरचापण मधी. येग तेवढाच हे." विमान जरा हेलकावलं. "मास्तर, अंग लय वरडतंय. मान आपोआप डावीकडं जातीय."

"जाऊ दे मान. हात?"

"हात जागच्या जागी हेत. काट्याचं ऐकतोय."

विमान पूर्वेला जात राहिलं, फार सुबक नाही, थोडं हेलकावत, पण जात राहिलं. पूर्वीच्या त्या ताणलेल्या दोरीसारखं ते उडणं नव्हतं. खाली चांदोरीच्या बाजूला नदीचं पात्र कोरडं पांढरं दिसत होतं. मास्तरांचा कान ठणकत होता आणि त्यांना डोळे मिटायचे होते, पण ते उघडे ठेवून ते समोर बघत बसले.

उतरल्यावर त्यांनी सही केली. गोरक्षनं कागद घेतला, घडी केली, खिशात ठेवला.

"जागा गेली आसंल," तो म्हणाला.

"ती गेली. साहेबांनी काल निरोप धाडलाय. ढगात चालवणारा कुणी दुसरा मिळाला कंपनीला. पण पावसाळा संपला की एका जुन्या पायलटशेजारी बसणारा माणूस हवाय. जाशील?"

"शेजारी बसायचं?"

"शेजारी."

गोरक्षनं घोंगडीची घडी घालायला घेतली, मध्येच थांबला आणि ती परत टपावर टाकली. "ऱ्हाऊ द्या इथंच. निसारला लागंल." मग जमिनीकडे बघत, "जातो मास्तर शेजारी बसाया. आईला काय सांगू तेवढं सुचवा."

"सांग, मास्तरची चूक झाली."

"ते नाय सांगनार," गोरक्ष म्हणाला, आणि विमानाची शेपटी उचलायला वाळूकडे गेला.

निसार स्टुलावर बसून स्वतःलाच गरगर फिरवत होता. मास्तरांकडे बघून थांबला आणि तोल जाऊन एका बाजूला कलला. "मास्तर, आता माझी पाळी ना? मग तुम्ही मालेगावला कधी जाणार?"

मास्तरांनी लोटा उचलला. आत पाणी होतं. ते त्यांनी पिऊन टाकलं.

घरी सकीना उंबऱ्यात गहू निवडत बसली होती. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि तिच्या शेजारी पायरीवरच बसले.

"झाला पास?"

"झाला."

"मग?"

"निसार आहे. आणि त्याला सकाळी उडवायचं नाही. वेळ लागेल."

सकीनानं हातातले गहू सुपात टाकले. मग ती आत गेली. भिंतीशी ठेवलेल्या गाठोड्याची गाठ सुटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ एकेक भांडं फळीवर ठेवल्याचा. मास्तर तिथेच बसून तो आवाज ऐकत राहिले. मोठी परात तिनं सगळ्यात शेवटी काढली.